माऊस धरणारा हात

दिवसभर माऊस चालवणाऱ्यांचा हात नीट पाहा. मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेलं आणि पंजा वर उचललेला. घात तिथेच होतो. मनगटाच्या आत एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरा आणि एक नस जाते. मनगट वाकलेलं राहिलं की तिथला दाब वाढतो. नस दबली, तर अंगठा, तर्जनी, मध्यमा यांना मुंग्या येतात, बहुधा रात्री. करंगळी मात्र सुटते, कारण तिची नस वेगळी.

माऊस कीबोर्डला चिकटून, कोपराच्या उंचीला ठेवा. पकड सैल हवी, आणि हात हलवायचा तो कोपरापासून. पॉइंटरचा वेग वाढवलात की हालचालच कमी होते; हा फुकटचा उपाय फार थोडे लोक करतात, याचं वाईट वाटतं. अधूनमधून हात खाली सोडून बोटं उघडमीट करा.

रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्यानं अनेकांना आराम पडतो. पण हातातून कपबशी निसटू लागली, अंगठ्याखालचा उंचवटा खपाटीला गेला, तर बाम चोळत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.