जमिनीखालची कीड आणि मुळांचा एक्स-रे
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



उसाचे बेट पिवळे पडले आणि ओढताच हातात आले, की आपण म्हणतो हुमणी लागली. वास्तविक ती कित्येक आठवड्यांपूर्वीच लागलेली असते. पाने खाणारी अळी नजरेस पडते, मुळे खाणारी पडत नाही. बरे, खणून पाहावे तर मुळे तुटतात आणि अळी कुठे, काय करीत होती ते कळतच नाही.

ही अडचण ब्रिटनमध्ये स्कॉट जॉन्सन या कीटकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-रेच्या साहाय्याने सोडविली. दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन काढतात, तसाच मातीने भरलेल्या नळीचा काढला. क्लोव्हर हे तिकडचे द्विदल चाऱ्याचे पीक. त्याच्या मुळांवरील गाठी सोंडेकिड्याच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्या खातात. या अळ्या मातीतून मुळांकडे कशा सरकतात, हे माती न हलवता पाहता आले. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात ही सोय लहान नळीपुरतीच. ओली माती आणि मूळ एक्स-रेला जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे चित्र वाचणेही सोपे नाही.

पुढे ऑस्ट्रेलियात त्यांच्या गटाने उसाकडे लक्ष वळविले. तिथेही आपल्या हुमणीच्या कुळातलीच अळी उसाची मुळे खाते. ऊस जमिनीतून सिलिकॉन भरपूर घेतो आणि पेशींत गारेसारखे कठीण कण साठवितो. अशी मुळे अळीला चावायला आणि पचवायला जड जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढविल्यावर अळ्यांनी मुळे जास्त खाल्ली. मातीत सिलिकॉन दिल्यावर मात्र हे खाणे घटले. हवेतला हा वायू वाढतोच आहे, म्हणून हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो.

पण उद्याच दुकानात जाऊन सिलिकॉनची पोती आणू नका! तो प्रयोग कुंड्यांतला आहे. आपल्या जमिनीत, आपल्या हुमणीवर चाचण्या झाल्याशिवाय मी त्याची शिफारस करणार नाही.

आपल्या हाती आहे ते वेळेचे भान. वळवाच्या दमदार पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे काम गावाने मिळून करावे, कारण शेजारच्या बांधावरचा भुंगेरा तुमच्याच रानात अंडी घालतो. त्यानंतर जुलैमध्ये ऊस हिरवागार दिसत असला तरी चार-पाच ठिकाणी बेटाजवळची माती कुदळीने उकरून पाहा. अळ्या लहान असतानाच, जमिनीत ओल असताना, मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून मुळांजवळ द्या. अळी मोठी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली दिसू लागली, की औषधाचा खर्च होतो, पण खाल्लेली मुळे परत येत नाहीत.