नाव विसरलेला माणूस

कुंभकोणमहून बोलतोय.

सी. प्रेमकुमार यांचा २०२४ चा तमिळ चित्रपट 'मेय्यळगन' पाहिलात? १९९६ साली अरुळचं तंजावरचं घर सुटतं. बावीस वर्षांनी लग्नाला येतो, तर एक नातलग त्याच्यावर जीव ओवाळून टाकतो. याला मात्र त्याचं नावच आठवत नाही! अरुळची मागे राहिलेली सायकल त्या घराला सावरून गेलेली. घर गेल्याचं दुःख खरंच. पण त्यातूनच नकळत कुणाचं भलं झालं, हा त्या सायकलीचा अर्थ.

मलाही इथं बाजारात पलटणीतला एक जवान भेटला. नाव आठवेना, हसून वेळ मारून नेली. चित्रपट पाहिल्यावर झोप लागेना. सकाळी त्याच्या दुकानी जाऊन म्हणालो, "माफ कर, तुझं नाव विसरलो."

"साहेब, आलात ना!" म्हणत त्यानं खुर्ची पुढे केली.

जय हिंद!