झाडावर अडकलेले मांजर आणि सावध जीवदया



पेण आणि रोहा परिसरातील वाड्यांत नारळ, सुपारी, आंबा, चिंच ही झाडे घरांना लागूनच उभी असतात. कुत्रा पाठीस लागला की मांजर क्षणार्धात शेंडा गाठते. उतरणे मात्र त्याला साधत नाही. याचे कारण त्याच्या नखांच्या रचनेत आहे. नखे मागे वळलेली असल्याने चढताना ती सालीत घट्ट रुततात; डोके खाली करून उतरू लागताच पकड सुटते. शेपटीकडून, उलट्या पावली उतरणे हाच सुरक्षित मार्ग. पण तो पुष्कळ मांजरांना उमगत नाही. मग त्याचे केविलवाणे ओरडणे सुरू होते आणि ते ऐकून जीवदयेचे संस्कार लाभलेले तरुण झाडाकडे धाव घेतात.

नेमका हाच क्षण विवेकाचा असतो. ९ एप्रिल २०२४ रोजी नेवासे तालुक्यातील वाकडी या गावी, शेणखळ्यासारख्या वापरात असलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला वाचविण्यासाठी एकामागून एक माणसे आत उतरली आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. विहीर निराळी, झाड निराळे. परंतु बोध एकच. करुणेला सावधपणाची जोड नसेल, तर एक जीव वाचविताना अनेक जीव जातात. जैन परंपरेत या सावधपणालाच ‘जयणा’ असे नाव आहे.

प्रथम कुत्रे बांधावेत व गर्दी हटवावी. दगड मारणे, फांदी हलविणे, पाण्याचा फवारा सोडणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. भेदरलेले मांजर आणखी वर चढते. बुंध्याशी त्याच्या रोजच्या खाण्याचे भांडे ठेवून ओळखीच्या माणसाने हळुवार हाक मारावी. रात्रीच्या निवांत वेळी कित्येक मांजरे आपसूक उतरतात. खोडाला शिडी किंवा जाड फळी टेकवून ठेवल्यास उतरण्यास आधार मिळतो. मात्र प्रतीक्षेलाही मर्यादा असावी. एक दिवस उलटूनही मांजर खाली न आल्यास, किंवा ते जखमी, अगदी लहान अथवा भर पावसात असल्यास, मदत मिळविण्यास विलंब करू नये.

झाडाजवळून वीजवाहिनी जात असेल, तर कोणीही वर चढू नये. लोखंडी शिडी वा ओला बांबूही लावू नये. आधी महावितरणकडून वीजप्रवाह बंद करून घ्यावा व अग्निशमन दलास १०१ क्रमांकावर कळवावे. पावसाळ्यात शेवाळलेले खोड निसरडे होते. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी, तर उंच फांद्यांवर मधमाश्यांची पोळी असू शकतात. म्हणून झाड नीट निरखल्याखेरीज पाऊल उचलू नये.

चढण्याचे काम नारळ पाडणाऱ्या अनुभवी माणसाकडे सोपवावे. त्यालाही सुरक्षा पट्टा, दोर आणि जाड हातमोजे द्यावेत. मांजर कडेवर घेऊन उतरणे धोक्याचे असते. त्याला जाड, हवा खेळेल अशा कापडी पिशवीत घालून, तोंड बांधून, पिशवी दोराने अलगद खाली सोडावी. खाली चार जणांनी चादर ताणून धरावी. मांजर चावल्यास वा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ शासकीय रुग्णालयात जावे. जखम किरकोळ दिसली तरी रेबीजच्या लसीबाबत हयगय करू नये.

या कार्यास फार मोठा खर्च लागत नाही. एक मजबूत दोर, एक पट्टा, हातमोज्यांचा जोड, दोन पिशव्या आणि पशुवैद्य, वीज कार्यालय व अनुभवी आरोहकाचे दूरध्वनी क्रमांक एवढे साहित्य प्रत्येक गावातील संघाने एका ठिकाणी सज्ज ठेवावे, आणि ते कोठे आहे हे तरुणांना ठाऊक असावे. म्हणजे पुढच्या वेळी झाडावरून हाक ऐकू येईल, तेव्हा मांजरही सुखरूप उतरेल आणि त्याच्यासाठी चढलेला मुलगाही सुखरूप घरी परतेल.