समुद्राच्या तळावरची सडक

बेटावर जायचे म्हणजे होडी हवी, असे आपण धरून चालतो. पण इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटाला मोटार थेट समुद्राच्या तळावरून जाते. मोटार-क्लबची हौशी मंडळी शनिवार-रविवार साधून, गाड्यांची रांग लावून तिथे जातात. इ. स. ६३५ मध्ये संत एडन यांनी या बेटावर मठ स्थापला. यात्रेकरू तेव्हा वाळूतून पायी जात. सडक झाली १९५४ साली.

ही सडक रोज दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते. केव्हा जावे, केव्हा जाऊ नये, याचे वेळापत्रक लावलेले असते. तरी ‘पाणी घोटाभरच तर आहे!’ म्हणत कोणीतरी गाडी घालतोच. मग इंजिन बंद पडते, आणि वाटेत खांबांवर उभारलेल्या खोपटात मंडळी जीव मुठीत धरून बसतात.

शिक्षकबंधूंनो, मुलांना सांगा: चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. आपले कोळीबांधव हेच गणित तिथीवरून तोंडी करतात. रांगेने जाणाऱ्यांनी तर वेळ धरावी ती शेवटच्या गाडीची, पहिल्या गाडीची नव्हे.

आणि आपल्या ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तेव्हा ही सडक आठवा. भरतीला निदान वेळापत्रक असते; ओढ्याच्या पुराला तेही नसते. तासभर थांबलेला माणूस घरी उशिरा पोचतो, पण पोचतो.