जिना आधी, मजला नंतर



माझा बाप लोअर परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला मज्जाव. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. आपली थुंकी लागली तर सवर्ण कामगार बाटणार! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न उचलला होता.

बाप कामावर चालत जायचा. चाळ ते गिरणी दहा मिनिटं. पाळ्या तीन, त्यामुळं माणसं वाटून रस्त्यावर यायची. स्टेशनचे जिने त्या हिशेबाचे.

1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 चा नियम म्हणाला, जमिनीचे तीन वाटे करा : एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 ला नियम फिरवला. बांधकामाखालची जमीन वगळली, नुसत्या मोकळ्या तुकड्याचे वाटे ठेवले. 2006 ला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. घरांचा वाटा घटला की माणूस लांब फेकला जातो. आणि माणूस लांब गेला की गाडी भरते. सरळ हिशेब आहे.

पूर्वी लोंढा चर्चगेट-व्हीटीला उतरायचा, रुंद फलाटांवर. टॉवर उठले तसा तो मध्येच, परळ-एल्फिन्स्टनला उतरू लागला, तोही एकाच वेळेला. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या केल्या. म्हणजे त्याच जिन्यावर आणखी माणसं!

29 सप्टेंबर 2017. एल्फिन्स्टन रोड. पावसामुळं माणसं पुलावर थांबलेली, मागून गाड्या येतच राहिल्या. 23 जण चेंगरून मेले. पूल अरुंद आहे ही ओरड आधीपासूनची होती. मग लष्कर आलं आणि 2018 च्या फेब्रुवारीत नवा पूल उभा राहिला. म्हणजे पूल होत होता, करायचा नव्हता!

आज मी दिव्याहून येतो. बापाच्या गिरणीच्या जागी जो टॉवर आहे, तिथं ठेकेदाराकडं साफसफाईला आहे. बाप दहा मिनिटं चालायचा, मी तासभर दारात लोंबकळतो. विणाई खात्याचं दार त्याला बंद होतं. टॉवरचं पुढचं दार मला बंद आहे.

लोक म्हणतात, मुंबईला गर्दी फार. अरे, ही गर्दी आभाळातून पडली नाही. कुणीतरी सही करून ती मंजूर केलीय. म्हणून आपली मागणी साधी : टॉवरच्या नकाशाबरोबर माणसांचा हिशेब मांडा. किती येणार, कुठल्या जिन्यानं उतरणार, किती बसगाड्या देणार, आणि कामगाराचं घर किती लांब? हिशेब नसेल तर परवानगी नाही. जिना आधी, मजला नंतर!

जय भीम.