नदीपलीकडची सहल

लहान मुलांना घेऊन एका दिवसात परराज्यात जाऊन यावयाचे की नाही, हा प्रश्न सभेत चर्चिला जाणारा नव्हे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर तो स्वयंपाकघरातच निघतो आणि तेथेच सुटतो. बालाघाटच्या मराठी घरांना तर तो चांगला परिचित आहे. गोंदिया तेथून अवघे चाळीस किलोमीटर. मध्ये बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो.

ही राज्यसीमा फार जुनी नव्हे. पूर्वी नदीचे दोन्ही तीर एकाच मध्यप्रांतात नांदत होते. १९०३ साली सातपुडा रेल्वेचे अडीच फुटी रूळ गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूरपर्यंत गेले आणि सोयरिकींनाही तीच वाट सोयीची झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. कित्येकींचे माहेर एका राज्यात व सासर दुसऱ्या राज्यात झाले. एरवी ही रेषा कोणास जाणवत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत मात्र ती जाणवली. हाकेच्या अंतरावरची माणसे महिनोगणती एकमेकांस दिसली नाहीत.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. भाद्रपदातला रविवार जवळ आला आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. वडिलांच्या मनात हाजरा धबधबा भरला आहे. गोंदियाहून डोंगरगडच्या वाटेवर दरेकसा लागते. तेथल्या रानात ऐन पावसाळ्यात तो भरून कोसळतो. "पहाटे निघू, रात्री परत येऊ," असा त्यांचा बेत.

आई लगेच नाही म्हणत नाही. ती तास मोजू लागते. गोंदियापर्यंत गाडी, तेथे दुसऱ्या गाडीची वाट, मग रानातली चाल, आणि तोच सारा क्रम उलट. धाकट्याची दुपारची झोप कोठे व्हावयाची? शेवाळलेल्या खडकांवर एकाला कडेवर घेतले तर दुसरीचा हात कोण धरणार? पावसाने गाडीला उशीर झाला तर रात्री दूध कोठे मिळेल? प्रौढ माणूस सहलीतले अंतर मैलांत मोजतो. लहान मुलाचे अंतर भुकेने आणि झोपेने मोजावे लागते.

सासूबाई आतापर्यंत ऐकत असतात. त्या एवढेच विचारतात, "सूनबाई, तुझ्या आईने धाकट्याला चालताना पाहिले आहे का?"

पाहिलेले नसते. गुडघ्यांच्या दुखण्याने त्या माउलीला गाडीत चढणे होत नाही. धबधबा पुढच्या वर्षीही कोसळेल. आजीच्या अंगणात पहिली धाव घेण्याचे वय मात्र पुढच्या वर्षी राहणार नाही. वडील काही क्षण गप्प राहतात आणि मग म्हणतात, "गोंदियालाच जाऊ. तेथून पुढे नको."

बेत लहान झाला, तरी तयारीत ढिलाई नको. उकळून गार केलेले पाणी, घरचे दशम्यांचे शिदोरीबंद, कपड्यांचा एक जादा जोड आणि मुलीच्या खिशात वडिलांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, एवढे सोबत असावे. परतीची गाडी आधी ठरवावी, मग जाण्याची. मुलाला सकाळी ताप असेल तर निघूच नये, आणि त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये.

वाटेतही पाहण्यासारखे थोडे नाही. बाघ आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्यांत सारस पक्ष्यांची जोडी कधी दृष्टीस पडते. माणसाएवढा उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात प्रामुख्याने गोंदियाच्या परिसरातच उरला आहे. पलीकडे बालाघाटातही तो आढळतो. पावसाळ्यात तो धानातच घरटे करतो. त्याची मोजदादही दोन्ही तीरांवर करावी लागते, कारण चरण्यासाठी तो केव्हा या तीरावर असतो, केव्हा त्या.

लहान मुलांच्या सहलीत किती स्थळे पाहिली याला महत्त्व नाही. संध्याकाळी परतताना धाकटा आईच्या मांडीवर झोपला असेल, थोरली खिडकीतून नदीचा पूल शोधत असेल आणि गोंदियाच्या घरी एक वृद्ध स्त्री त्या चिमुकल्या धावेची हकीकत शेजारणीला पुन्हा एकदा सांगत असेल, तर घेतलेला निर्णय योग्य होता असे समजावे.