प्राइसबाईंचा जुबा
फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार. त्यांची ई मायनर सिम्फनी १९३३ साली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवली. पुढे विसर पडला, इतका की त्यांची कितीतरी हस्तलिखितं २००९ साली इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात सापडली.

त्या सिम्फनीतला तिसरा भाग, ‘जुबा डान्स’, आम्ही नवशिक्या मुलांच्या बँडसाठी बसवतो आहोत. बँडमध्ये व्हायोलिन नाही. ते काम फ्लूट-क्लॅरिनेटला दिलं, चेलोचं युफोनियमला. पट्टी मुलांना झेपेल अशी घेतली, धावते स्वर गाळून ठळक तेवढे ठेवले.

लय मात्र सोपी करायची नाही, यावर आम्ही अडून बसलो. जुबा हा गुलामगिरीतल्या माणसांनी मांड्या, छाती, तळवे बडवून वाजवलेला ताल. ढोल वाजवायला त्यांना ठिकठिकाणी बंदी होती. मात्रेच्या आधी-मागे पडणारा तो जोर सरळ केला, की उरते नुसती शाळेची कवायत! म्हणून मुलं आधी वाद्यं खाली ठेवून मांडीवर ठेका धरतात. लेझीम खेळणाऱ्यांना तो लवकर सापडला, हे सांगायलाच हवं.

एक ट्रॉम्बोन अजून कमी आहे. कुणाच्या माळ्यावर पडून असेल, तर कळवा.